आत पातळ घाल

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑर्डर अजून पक्की नाही. नमुना पसंत पडला तर पक्की. चाळीस टेबल-रनर, चाळीस चौकोनी टेबल-टॉपर — वर काळा खण, आत थर, हाताचे टाके. खुद्द उदयसिंहांनी फोनवर सांगितलं, सकाळी साडेअकराला. पन्हाळा रस्त्यावर त्यांचं नवं हॉटेल उघडतंय. नमुना चोवीस तारखेला दाखवायचा, माल दहा जानेवारीला द्यायचा.

आक्का फोनला कान लावूनच बसली होती.

“झालं का पक्कं?”

“नमुन्यावर आहे.”

“म्हंजे पक्कंच की!”

म्हणजे दहा जानेवारीपर्यंत मीही पक्की.

१२ नोव्हेंबर

आज तीन वर्षं झाली. आक्का न्हाणीत पडली, उजवं मनगट मोडलं. मी धाकटी बहीण, एकटी, मागे-पुढे कुणी नाही — दुसरं कोण येणार? पंधरा दिवसांसाठी म्हणून कसबा बावड्याला आले. त्याच महिन्यात पेपरने आमचा डेस्क पुण्याला हलवला. सव्वीस वर्षं उपसंपादक होते. नोकरी संपल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. एक अशुद्ध होती.

पंधरा दिवस काही संपले नाहीत. आक्काचं मनगट वाकडं जुळलं. कळशी उचलत नाही, सुई मात्र चालते. जन्मभर वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवल्यात तिने. वाकळा आता कोण घेतं? त्याच टाक्यांचे रनर करून विकू, ही कल्पना माझी. माझीच! माप, कापणं, फोन, आतला थर कसला ते ठरवणं — मी. टाके — आक्का. खोलीत कोंडून घ्यायचं आणि कडीही आपणच घालायची, तसं झालं.

दर दहा मिनिटांनी हाक. “संयू!” काही काम नसतं. मी आहे का, एवढंच बघायचं असतं.

१३ नोव्हेंबर

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

कृष्णात आमच्याकडे जिल्हा पान बघायचा. आता गारगोटीत त्याचं साप्ताहिक आहे. दिवाळीअगोदर त्याचा फोन आला. “मॅडम, मजकूर बघायला माणूस न्हाय. एक डिसेंबरपासून या. छापखान्यावर खोली हाय, रिकामी.” मग अंक पाठवला. पहिल्या पानावर पेन्सिलीने मोठ्ठं लिहिलं होतं — १ डिसेंबर! त्याच पानावर शुद्धलेखनाच्या अकरा चुका. मोजल्या. बरं वाटलं.

पिशवी भरून ठेवली आहे. माझ्या कपाटाखाली, भिंतीला टेकवून. ऑफिसला नेसायच्या सात सुती साड्या, टॉवेल, चष्म्याचं जुनं घर, कृष्णातचा तो अंक. तीन आठवडे झाले भरून. हो-नाही तीस तारखेच्या आत कळवायचं आहे.

आक्काला सांगितलेलं नाही. कसं सांगू? पुण्याहून तिचा केतन दर रविवारी फोन करतो आणि शेवटी तेच वाक्य म्हणतो — “मावशी, तू आहेस म्हणून आम्ही निवांत.”

१५ नोव्हेंबर

कबनूरला गेले. बापूसोंच्या गोदामात आतल्या थराचे नमुने बघायला. बापूसो कापडातले जुने. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघतात. “बोटं खोटं बोलत न्हाईत, ताई.”

चार प्रकार आणले.

पॉलिएस्टरचा फुगीर. उशीसारखा. “ह्यो दिसायला झकास. पण खणाखाली घालू नगा. काळ्या कापडातनं पांढरी तूसं बाहेर येत्यात. आमी म्हणतो दाढी आली.”

अर्धा सुती, अर्धा पॉलिएस्टर. ना इकडचा ना तिकडचा. माझ्यासारखा.

निव्वळ सुती. सुया टोचून दाबलेला, पोस्टकार्डाएवढा जाड. “धुतल्यावर शंभराला चार-पाच आटतो. आधी पाण्यातनं काढा, मग कापा.”

चौथा नुसता फ्लॅनेलचा तुकडा.

सगळं त्यांनी एका कापडी पिशवीत घालून दिलं. परत येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे पाऊण तास अडकले. कारखान्याचा हंगाम सुरू. घरी पोचले तर आक्का दारात. “किती वेळ गं! मला वाटलं, गेलीस का काय.”

कुठे, ते विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

तपासणी केली. चार तुकडे, वर खण, टाके घालून. प्रत्येकावर काचेचा पेला भरून ठेवला आणि टेबलाला गुडघा मारला. फुगीरवर पेला आडवा! मिश्रवर डुलला. सुतीवर आणि फ्लॅनेलवर जागचा हलला नाही.

मग उकळत्या आमटीचं पातेलं. फुगीरवर दहा मिनिटं ठेवलं. उचललं तेव्हा खाली पातेल्याची गोल खूण, आणि आतला थर कडक — वाळलेल्या खळीसारखा. तो परत फुगला नाही. सुतीला काही झालं नाही. फ्लॅनेलमधून टेबल तापलं, म्हणजे ते एकटं पुरायचं नाही.

निकाल स्पष्ट आहे. सुती. पाण्यातून काढून.

आक्का खाटेवरून सगळं बघत होती. दोरा दातांनी तोडत म्हणाली, “एवढी परीक्षा तर पोरीला बघायला आल्यालीबी घेत न्हाईत.”

“हॉटेल आहे आक्का. तांबड्या रश्श्याची भांडी थेट ह्याच्यावर येणार.”

“मग वाकळंवर काय येत न्हवतं? पोरं मुतायची.” मग तिचं नेहमीचं — “पोटात इकतचं घालूच नये. नव्याला ऐट असतीया. धुतलं की ती आकसती आन वरच्याला सुरकुत्या पाडती. अंगावर नेसून नेसून मऊ झाल्यालं आत घालावं. ते बिचारं आता कुठं आटतंय!”

सत्तरीच्या बाईशी वाद घालत नाही. आतल्या थराला ती पोट म्हणते. अस्तर, फिलिंग, वॅडिंग — बापूसोंच्या सगळ्या शब्दांपेक्षा हा बरा आहे, हे मात्र खरं.

१८ नोव्हेंबर

उदयसिंहांचा फोन. “ताई, एक सांगायचं राह्यलं. जरा गुबगुबीत करा की! हात ठेवला की दबला पायजे. लोकांनी फोटो काढला पायजे.”

“फुगीर असला की पेले कलंडतात. आणि गरम भांड्याने —”

“ते बघू ओ नंतर. तुमी गुबगुबीत करा.”

१९ नोव्हेंबर

दिवसभर एकच विचार.

गिऱ्हाईक स्वतः फुगीर मागतंय. मी फुगीर घातला तर मला कुणी नाव ठेवणार नाही. चोवीस तारखेला पहिलं गरम भांडं ठेवतील, खूण पडेल, पेला आडवा होईल. नमुना नापास. ऑर्डर गेली. आक्का चार दिवस रुसेल, मग म्हणेल, जाऊ दे, झालं एवढं बस झालं. आणि मी एक तारखेला गारगोटीत.

सुती घातला तर नमुना पास. चाळीस अधिक चाळीस. मग पुढची ऑर्डर, मग त्यापुढची.

बोटाएवढ्या जाडीच्या थरावर आयुष्य ठरायचं! हसू येतं, आणि येतही नाही.

दुपारी फुगीर कापला. पाच फूट बाय चौदा इंच. खण वर ठेवला, टाचण्या लावल्या. हात अगदी स्थिर होते. बापूसोंनी बोटं बघितली असती तर?

२० नोव्हेंबर

टाचण्या काढल्या.

सव्वीस वर्षांत माहीत असून खोटी बातमी कधी लावली नाही. आता सुरुवात करायला वय गेलं.

२१ नोव्हेंबर

“कबनूरला जाते” म्हणून सकाळी बाहेर पडले आणि गारगोटीची गाडी धरली. कृष्णातला तोंडावर नाही म्हणायचं ठरवलं होतं. एवढं तरी त्याचं देणं लागते.

निघायच्या घाईत आक्काला चिठ्ठी लिहून शिवणाच्या मशीनवर ठेवली. ती अंघोळीला होती. सुतीचा तुकडा पाण्यातून काढून, वाळवून, बापूसोंच्या पिशवीत घातला होता. लिहिलं — ‘आक्का, नमुना आज पुरा कर. आत पातळ घाल. पिशवीत आहे.’

वाटेत मुदाळतिट्ट्याला चहा घेतला. तीन वर्षांत एकटीने प्यालेला पहिला चहा.

छापखाना म्हणजे दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीला खिडकी. खाली बाजार. भाजीवाली ओरडत होती, ते माझ्यासाठी नव्हतं. कुणीच “संयू!” म्हणत नव्हतं. कृष्णातने टेबल पुसून ठेवलं होतं. त्यावर लाल पेन.

“बसून तर बघा, मॅडम.”

बसले. समोर एक बातमी पडली होती, ती वाचली. दोन वाक्यं तोडली, एक वर घेतलं. कृष्णातने वाचलं आणि म्हणाला, “आयला! हेच म्हणायचं हुतं मला.”

नाही म्हणायला गेले होते. म्हणाले नाही.

२२ नोव्हेंबर

नमुना तयार. कालच आक्काने पुरा केला. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, रांगेत. सपाट, जड, हाताला छान लागतो. बापूसोंचा थर टाक्यांनी एवढा मऊ होईल असं वाटलं नव्हतं. थर सगळीकडे सारखा बसलाय का, ते चाचपून बघायला हवं. बघितलं नाही. डोकं खिडकीत होतं.

आक्का गप्प आहे. मनगट दुखत असणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रिक्षाने आम्ही दोघी हॉटेलवर. आक्काला यायचंच होतं.

उदयसिंहांनी नमुना हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गुबगुबीत न्हाय ह्यो.”

आक्का म्हणाली, “गुबगुबीत पायजे तर मांजर पाळा. टेबलावर भांडी ठेवायची हाईत न्हवं?”

स्वयंपाकघरातून उकळता तांबडा रस्सा मागवला. हंडी मध्यावर ठेवली. बाजूला पेले, काठोकाठ. उदयसिंहांनी टेबलावर मूठ आपटली. पेले उभे. पंधरा मिनिटं गप्पा. हंडी उचलली — खूण नाही. खालचं टेबल कोमट. मग त्यांनी मुद्दाम पळीभर रस्सा सांडला आणि पोराला नळाखाली धुवायला लावलं. पिळून आणला तर तसाच सपाट. कडेलासुद्धा आटला नाही.

बापूसोंनी सांगितलेलं चार-पाच टक्के कुठे गेलं? माझ्या मनात आलं, एकदा.

“आत काय घातलंय काय?” म्हणून त्यांनी ब्लेड मागवलं आणि कोपऱ्याचे चार टाके कापले.

आत आंबा रंग. बाटली-हिरवा काठ.

माझी साडी. एकोणीस सालच्या पुरात रस्ते बंद झाले आणि चार दिवस ऑफिसातच राहिले, तेव्हाची. कुठेही ओळखेन.

“ही तर साडी हाय, मावशी!”

“मग? पातळच घातलंय,” आक्का म्हणाली. “हिनंच लिवलंतं चिठ्ठीत. आत पातळ घाल, पिशवीत हाय. पिशवीत हुती की, सात पातळं.”

आक्का साडीला पातळ म्हणते. जन्मभर म्हणते. “ते निळं पातळ नेस की,” हे कालच म्हणाली होती. आणि मी लिहून आले — आत पातळ घाल! बापूसोंची पिशवी मशीनखाली, माझी कपाटाखाली. कोणती ते लिहिलंच नाही. एक शब्द, दोन अर्थ. एक पिशवी, दोन ठिकाणं. असा मजकूर वार्ताहराने दिला असता तर त्याच्या तोंडावर परत केला असता.

उदयसिंह पोट धरून हसले. “ह्योच पायजे! सगळे असलेच करा. ऑर्डर पक्की!”

येताना रिक्षात आक्का बाहेर बघत होती. मी आत.

२५ नोव्हेंबर

कपाटाखाली पिशवी नाही. टॉवेल नाही, चष्म्याचं घर नाही. कृष्णातचा अंकही नाही.

म्हणजे तिने तो पाहिला. पेन्सिलीने लिहिलेलं १ डिसेंबर. आक्का चौथी शिकलेली आहे, मोठी अक्षरं वाचते.

की रद्दी म्हणून बाजूला टाकला? विचारलं तर सांगावं लागेल पिशवी का भरली होती. तीही विचारत नाही. दोघी एका खोलीत, समोरासमोर, खण कापतोय.

“कात्री दे.”

“घे.”



२६ नोव्हेंबर

आक्काने सातही साड्या फाडल्या. नेसून नेसून झिजलेल्या, पण माझ्या. आज सकाळी मशीनवर चवड दिसली, चौदा-चौदा इंची पट्ट्यांची. आंबा, राखाडी, चॉकलेटी, निळी… पहिल्या पगाराची पांढरी-काळी चौकटी वरच होती.

आक्का पट्टी गालाला लावून म्हणाली, “काय मऊ झाल्यात गं! अजून शाईचा वास मारतोय. ह्यात ईस रनर बसत्यात.”

वीस रनरांच्या पोटात मी. वर खण, खाली खण, चारी बाजूंनी टाके. बाहेर पडायला जागा नाही.

रागावले नाही. राग यायलाही थोडी मोकळी जागा लागते.

२८ नोव्हेंबर

कृष्णातसाठी निरोप लिहिला. ‘जमणार नाही. दुसरा माणूस बघावा. क्षमस्व.’ सहा शब्द. त्यातला एकही काढता येत नाही. मोबाइलमध्ये तयार आहे. अजून पाठवलेला नाही. स्वतःला वेळ दिली आहे — परवा, संध्याकाळी पाच.

केतनचा फोन, आज मधल्या वारीच. बहुधा आक्काने केला होता. माझ्याकडे दिला तेव्हा त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. नुसतं, “मावशी, बरी आहेस ना?” एवढंच. मी हो म्हटलं.

२९ नोव्हेंबर

बायडाबाई भांडी घासायला आली ती जायलाच तयार नाही. तिला खाटेवर शेजारी बसवून आक्का टाका शिकवत होती. बायडाबाईचा टाका म्हणजे बैलगाडीची चाकोरी.

“बारीक घाल की गं! सुनंला टोचून बोलतीस तेवढं तरी बारीक.”

“सुनंचं नाव काढू नगा, आक्का. त्या घरात बसाय जागा न्हाय मला.”

“मग हितं ये सोमवारपासनं. हितंच ऱ्हा. दोघी शिवू. चार बायका पातळं आणून देणार हाईत, मी सांगून आलोय गल्लीत. ह्येला काय बाजारचं पोट लागत न्हाय, का फोन लागत न्हाय.”

मी चहा गाळत होते. सोमवार म्हणजे एक तारीख. ‘दोघी’ म्हणाली. तिघी नाही. ऐकण्यात चूक झाली असेल. हल्ली माझ्या शब्दांवर माझा भरवसा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी तीन. पिशवी दाराच्या खुंटीला अडकवलेली दिसली. फुगलेली.

आत टॉवेल, धुतलेला. चष्म्याचं घर. कृष्णातचा अंक, नीट घडी घालून. सात साड्या. माझी एकही नाही. आक्काच्या, केतनच्या लग्नातल्या आहेराच्या — दोन इरकली, बाकी सुती. घडी न मोडलेल्या, दोन साड्यांवर दुकानाचा कागद अजून तसाच. सगळ्यांत वर माझी चिठ्ठी. ‘आत पातळ घाल. पिशवीत आहे.’ खाली पेन्सिलीने, वाकड्या मनगटाचं अक्षर:

‘सात घातल्यात.’

कृष्णातला कळवलं — येते. उद्या सकाळी सव्वासातची गाडी आहे. आक्का स्टँडवर येणार नाही. दारातून एकदा हाक मारेल.